माशांच्या कल्ल्यांच्या ऊतींचा सूक्ष्मदर्शकीय अभ्यास : काचपट्टी तयार करण्याची पद्धती व दक्षता

प्रस्तावना : भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्यातील पळसदेव, भिगवण या गावांपर्यंत पसरलेला असून तेथे मासेमारी हा महत्त्वाचा व्यवसाय आहे. पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील सांडपाणी नद्यांवाटे याच जलाशयात येते. कल्ले पाण्याच्या थेट संपर्कात असल्याने दूषित पाण्याचा परिणाम त्यांच्या ऊतींवर लवकर दिसतो. त्यामुळे बारामती व इंदापूर परिसरातील प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांना हा विषय जवळचा आहे. मात्र सदोष काचपट्टीवरून काढलेला निष्कर्ष पाण्यावर किंवा मासेमारांच्या मालावर अकारण ठपका ठेवू शकतो.

स्थिरीकरण : मासा मरताच पेशींतील विकरे पेशींचेच विघटन करू लागतात. उन्हाळ्यात ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून बाजारातील मासा प्रयोगशाळेत आणून कल्ले काढणे योग्य नाही. नुकत्याच पकडलेल्या माशाचे कल्ले काठावरच काढून १० टक्के बफरयुक्त फॉर्मॅलिनमध्ये टाकावेत. तुकडा ५ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा व द्रावण त्याच्या किमान दहापट असावे. ऊती गोठवू नयेत. बर्फाच्या स्फटिकांमुळे पेशी फाटतात. फॉर्मॅलिन अपायकारक असल्याने हातमोजे वापरावेत.

मेणस्थापन व छेदन : सुमारे २४ तासांनंतर कल्ल्यातील अस्थिभाग आवश्यकतेनुसार आम्लाने मऊ केला जातो. पुढे चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून ऊतीतील पाणी काढतात. अल्कोहोल मेणात मिसळत नाही. म्हणून झायलीनचा टप्पा आवश्यक ठरतो. नंतर ऊती वितळलेल्या पॅराफिन मेणात बसवून मायक्रोटोमने सुमारे ५ मायक्रॉन जाडीचे छेद घेतात. हे छेद कोमट पाण्यावर पसरवून काचपट्टीवर घेतले जातात.

अभिरंजन : मेण झायलीनने काढून छेद उतरत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाण्यात आणतात. हिमॅटॉक्सिलीन हे रंगद्रव्य मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाकडापासून मिळते. तुरटीसारख्या क्षाराच्या साहाय्याने ते केंद्रकातील आम्लांना चिकटते. जादा रंग आम्लयुक्त अल्कोहोलने काढून छेद किंचित अल्कधर्मी पाण्यात धुतल्यास केंद्रके निळी होतात. त्यानंतर इओसिनमुळे पेशीद्रव गुलाबी दिसते. शेवटी पुन्हा निर्जलीकरण करून डीपीएक्समध्ये छेदावर काचझाकण बसवतात.

निरीक्षण व अन्वयार्थ : कल्ल्याच्या तंतूंवर दोन्ही बाजूंना पातळ पत्रिका असतात. त्यांचा अभिस्तर सुटून वर उचललेला दिसणे हे प्रदूषणाचे लक्षण मानले जाते. परंतु स्थिरीकरणास उशीर झाल्यासही हुबेहूब तेच दृश्य दिसते. म्हणून तुलनेने स्वच्छ पाण्यातील त्याच जातीच्या माशांचे कल्ले त्याच दिवशी, त्याच द्रावणांतून तयार करावेत. दोन्ही गटांत अभिस्तर सारखाच सुटलेला असल्यास प्रथम पद्धतीवर संशय घ्यावा. केवळ जलाशयातील माशांतच पेशींची अतिरिक्त वाढ व पत्रिका परस्परांना जोडल्या जाणे आढळल्यास इजेचा निष्कर्ष बळकट होतो.

समारोप : उत्तम अभिरंजन सदोष स्थिरीकरणाची भरपाई करू शकत नाही. काचपट्टीची विश्वासार्हता प्रयोगशाळेत नव्हे, तर जलाशयाच्या काठावरील पहिल्या काही मिनिटांतच निश्चित होते. यास्तव मासा पकडल्याची व ऊती द्रावणात टाकल्याची वेळ प्रत्येक नमुन्यासोबत नोंदविणे अगत्याचे आहे.