विंचवाचे विष आणि गरिबाचा दवाखाना

रत्नागिरीच्या मांडवी बंदराजवळ राहणाऱ्या एखाद्यास रात्री विंचू चावला, तर त्यास वाहनात घालून शहरातल्याच जिल्हा रुग्णालयात नेता येते. परंतु त्याच जिल्ह्यात सह्याद्रीच्या कुशीतील एखाद्या धनगरवाड्यावर हीच आपत्ती ओढवली, तर आजाऱ्यास प्रथम डोलीत घालून डोंगर उतरावा लागतो, तेव्हा कोठे सडक दिसते. विष मात्र दोघांच्याही अंगात एकाच गतीने चढते. गरिबांसाठी वैद्यकीय दानधर्म म्हटला की शहरवासी दात्याच्या डोळ्यांपुढे प्रशस्त इमारत आणि दारावरील नावाची पाटी उभी राहते. कोकणातील विंचूदंशाची हकीकत या कल्पनेस छेद देणारी आहे.

कोकणात दिसायला भयंकर ती काळी, थोराड इंगळी. परंतु तिच्या दंशाने वेदना झाल्या तरी प्राण सहसा जात नाहीत. घात करतो तो लहानसा तांबडा विंचू. जांभ्या दगडाच्या भेगा, सरपणाची रास, भाताचा पेंढा ही त्याची घरे. म्हणून अनवाणी काम करणारा शेतकरी, मजूर आणि त्यांची भुईवर निजणारी मुले यांनाच तो अधिक डसतो. त्याचे विष मज्जातंतूंची टोके चेतवून सोडते. भीतीच्या क्षणी शरीरात जे द्रव्य थोडेसे स्रवते, त्याचा मग जणू पूरच लोटतो. अंगास दरदरून घाम फुटतो, वांत्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन हृदयावर असह्य भार पडतो. अखेरीस फुप्फुसात पाणी भरते व तोंडास फेस येतो. दंशाच्या जागी फारशी वेदना नसली म्हणून निर्धास्त राहणे येथे घातक ठरते.

मांत्रिकास नावे ठेवणे सोपे आहे. पुष्कळसे दंश केवळ वेदना देऊन आपोआप बरे होतात आणि त्याचे श्रेय मंत्रास मिळते. मग जीवघेण्या दंशातही घरची माणसे प्रथम त्याच्याच दारी जातात, यात नवल ते काय? दवाखान्यातही तेव्हा खात्रीचा उपाय नव्हता. प्रतिवर्षी जी माणसे दगावत त्यांचा हिशेब कोण ठेवणार?

तो ठेवला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले हे डॉक्टर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडी येथील सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. हा मुलूख तेव्हा कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. रोग्याच्या खाटेशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, श्वास यांची टिपणे केली आणि मृत्यू येतो तो हृदय व फुप्फुस निकामी होऊन, हे ओळखले. ती निरीक्षणे १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली. ज्या केंद्रात साधनांची वानवा, तेथून हे काम व्हावे, ही गोष्ट मोठमोठ्या संस्थांनी विचारात घेण्याजोगी आहे.

निदान झाले, तरी औषध हवे होते. आणि तेही वाडीस परवडणारे. शिरेतून थेंबथेंब द्यावयाच्या औषधास क्षणोक्षणी रक्तदाब पाहणारा माणूस लागतो. खेड्यात तो कोठून आणावा? बावस्करांनी प्राझोसिन ही गोळी योजली. ती नवी नव्हती. रक्तदाब उतरविण्यासाठी बाजारात होतीच. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते, म्हणजे विषाने जे केले नेमके तेच उलटविते. शिवाय ती स्वस्त, आणि तोंडाने घ्यावयाची. १९८६ साली याही उपचाराचे वृत्त ‘लॅन्सेट’मध्ये आले. गंभीर दंश झालेल्यांपैकी पूर्वी शेकडा सुमारे ३० दगावत. हा उपचार रूढ झाल्यावर ते प्रमाण शेकडा ३ च्या आसपास उतरले. भारत सरकारने २०२२ साली त्यांस पद्मश्री दिली.

पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेने या विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केले. ते गोळीच्या जोडीने द्यावे काय, याची परीक्षा महाड येथे ७० रोग्यांवर झाली व २०११ साली ती प्रसिद्ध झाली. नुसत्या गोळीवर ठेवलेल्या ३५ जणांपैकी १० तासांत ८ जण पूर्ण बरे झाले. जोडीने प्रतिविषही दिलेल्या ३५ पैकी ३२. फरक लहान नाही. परंतु प्रतिविष शिरेतून टोचावे लागते व ते टोचणारा डॉक्टर जागेवर असावा लागतो. गोळी मात्र आरोग्य केंद्राच्या कपाटातही राहू शकते. तेव्हा डोंगराळ भागासाठी द्रव्य देऊ इच्छिणाऱ्या दात्याने प्रथम दोन प्रश्न विचारावेत: जवळच्या केंद्रात रात्री कोणी असते काय, आणि वाडीपासून तेथवर रोगी आणण्यास वाहन मिळते काय?