औषधाची मात्रा आणि औषधाचें व्यसन

माधवनगरापासून जवळच असलेल्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत इ. स. २०२४ च्या फेब्रुवारींत पुणें पोलिसांनीं मेफेड्रॉन नामक मादक द्रव्याचा मोठा साठा पकडला. अशी वार्ता वाचली म्हणजे व्यसन हें चोरांचें व दुर्जनांचें काम, सभ्य गृहस्थाच्या घरास त्याचा काय संबंध, असें मनांत येणें स्वाभाविक आहे. परंतु व्यसनाची दुसरीही एक वाट आहे. ती वैद्याच्या चिठ्ठीपासून निघते आणि घरांतील औषधांच्या डब्यापाशीं येऊन थांबते.

ही वाट नवी नाहीं. मुंबईच्या चाळींतून राहणाऱ्या गिरणीकामकरी स्त्रिया कामावर जातांना तान्ह्या मुलांस ‘बाळगोळी’ देत असत. मूल दिवसभर निजून राही. त्या गोळींत अफू असे. त्या मातांस दोष देण्याचें कारण नाहीं. पोटासाठीं मूल मागें टाकून जाणारीनें दुसरें काय करावें? तथापि अफूनें अफूचेंच काम केलें. मुलें क्षीण होत व कित्येक दगावत. विद्वानांचीही अशीच फसगत झाली. इ. स. १८९८ मध्यें जर्मनींतील बायर कंपनीनें हेरॉइन बाजारांत आणलें तें खोकल्याचें औषध म्हणून, आणि त्याची संवय लागत नाहीं अशा समजुतीनें!

आज अफूच्या गोळीची जागा झोपेच्या व चिंता शमविणाऱ्या गोळ्यांनीं, कोडीनयुक्त खोकल्याच्या पातळ औषधांनीं आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांनीं घेतली आहे. हीं औषधें वाईट नव्हेत. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेंत किंवा आंकडीच्या विकारांत त्यांवांचून रोग्याचे हाल होतात. मग घात कोठें होतो?

अल्प्राझोलॅम किंवा डायझेपाम यांचेंच उदाहरण घेऊं. मेंदूचा क्षोभ आवरून धरणारें एक द्रव्य शरीरांतच असतें. ही गोळी त्याचें बळ वाढविते व मन शांत होतें. पण रोज बाहेरून साहाय्य मिळूं लागलें कीं मेंदू आपला तोल त्याप्रमाणें बदलतो. कांहीं आठवड्यांनीं एका गोळीनें झोप येईनाशी होते. दीड लागते, मग दोन. पुढें गोळी अकस्मात् बंद केली तर आवरून धरलेला क्षोभ उसळून येतो. हातापायांस कंप सुटतो, जीव घाबरा होतो, झोप उडते आणि क्वचित् आंकडीही येते. रोग्यास वाटतें, आपला मूळचा विकारच बळावला. म्हणून तो पुन्हा गोळीकडे वळतो. ह्यालाच परावलंबन म्हणतात. मद्याबरोबर ह्या गोळ्या घेतल्यास श्वास मंदावून प्राणही जातो.

सांगली-मिरजेच्या टापूंत एक निराळेंच कारण भर घालूं शकतें. डॉ. वानलेस यांनीं इ. स. १८९४ त मिरजेस रुग्णालय काढलें, तेव्हांपासून हा भाग वैद्यकीय सोयींविषयीं प्रसिद्ध आहे. डॉक्टर पुष्कळ, म्हणून चिठ्ठ्याही पुष्कळ! एकानें पाठदुखीसाठीं व दुसऱ्यानें निद्रानाशासाठीं दिलेलीं औषधें एकाच जातीचीं निघतात, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. शिवाय ओळखीचा दुकानदार, शेजारणीची उरलेली पाकिटें आणि ‘मला गुण आला, तूंही घेऊन पाहा’ हा आपला जिव्हाळ्याचा उपदेश!

कायद्यानें बंधन घातलें आहे. इ. स. १९४० च्या औषधविषयक कायद्याखालील नियमांत ‘एच-१’ ही सूची इ. स. २०१४ पासून अंमलांत आली. तींतील औषध चिठ्ठीवांचून विकतां येत नाहीं. दुकानदारास रोग्याचें, डॉक्टरचें व औषधाचें नांव वहींत लिहून ती वही तीन वर्षें जपावी लागते. पाकिटावर लाल रंगांतील ‘आर-एक्स’ हीं अक्षरें व लाल चौकटींतील सूचना असते. ट्रामाडॉल तर इ. स. २०१८ त मादक द्रव्यांच्या कायद्याखालीं आणण्यांत आलें. असें असूनही केंद्र सरकारनें इ. स. २०१९ त प्रसिद्ध केलेल्या पाहणींत सुमारें १ कोटी १८ लक्ष लोक शामक औषधें वैद्यकीय कारणावांचून घेत असल्याचें आढळलें. वही दुकानांत असते. डबा घरांत असतो.

घरांतील कोणाची गोळी ठरल्या दिवसांआधीं संपूं लागली, दिवसाही गुंगी दिसूं लागली, औषधाचा विषय काढतांच राग येऊं लागला, तर त्या माणसास चोर ठरवूं नये, आणि गोळ्या हिसकावून फेंकूनही देऊं नयेत. एकाएकीं बंद करण्याचा धोका वर सांगितलाच आहे. मात्रा डॉक्टरच्या देखरेखीखालीं हळूहळू उतरवावी लागते. त्यास आठवडे, प्रसंगीं महिने लागतात. जातांना सर्व चिठ्ठ्या व पाकिटें बरोबर न्यावीं, म्हणजे दोन डॉक्टरांचीं औषधें एकमेकांवर पडलीं असल्यास कळून येतें. पुण्यास डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानें इ. स. १९८६ त सुरू झालेलें मुक्तांगण हें व्यसनमुक्ति केंद्र ह्याच कामासाठीं आहे. आणि १४४४६ ह्या सरकारी दूरध्वनि-क्रमांकावर घरबसल्या विनामूल्य सल्ला मिळतो.