अंतर भूमितीचे, वेळ वाऱ्याची

मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन विमानतळांमधील किमान हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. मात्र ते नकाशावर पट्टी ठेवून मिळत नाही. भिंतीवरच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशात या शहरांना जोडणारी सरळ रेघ अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक ओलांडते, पण पृथ्वीच्या गोलावर तिची लांबी १४,२०० किलोमीटरच्या घरात जाते. गोलावरील सर्वांत जवळची वाट म्हणजे महावर्तुळाचा कंस, अर्थात ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशीच असतो त्याचा तुकडा. मुंबईहून निघालेला हा कंस पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच अधिक झुकत पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि तुर्कमेनिस्तानवरून मॉस्कोच्या जवळून जातो, आइसलँडवरून पुढे सरकतो आणि ग्रीनलँडचे दक्षिण टोक उजवीकडे ठेवून कॅनडात शिरतो.

अंतर असे एकदाच ठरते. वेळ मात्र जाताना वेगळा लागतो आणि येताना वेगळा. मध्यम अक्षांशांवर साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्यांचा पट्टा, ज्याला जेट प्रवाह म्हणतात, त्याचे हे कर्तृत्व असून हिवाळ्यात तो विशेष जोमात असतो. हवेच्या सापेक्ष ताशी ९०० किलोमीटरने उडणाऱ्या विमानाला सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून लागला, तर जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग ८०० वर येतो आणि साडेपंधरा तासांहून अधिक लागतात. तोच वारा पाठीशी असला की साडेबारा तास पुरतात. वाऱ्याचा हा हिशेब इतका निर्णायक आहे की २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढूनही प्रवासाचा वेळ घटला.

वेळापत्रकातील आकडा तर याहूनही निराळा असतो, कारण त्यात विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या फलाटाला लागेपर्यंतचा सगळा काळ, धावपट्टीसाठीच्या खोळंब्यासह, धरलेला असतो.

वाऱ्यानंतर प्रश्न येतो परवानगीचा, आणि तो वाऱ्याहून लहरी आहे. २०२२ पासून रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद, पण भारतीय कंपन्यांना खुले आहे. उलट एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. परिणामी दोघांनाही तो कंस सोडावा लागतो, फक्त निरनिराळ्या ठिकाणी. वळसा वाढला की इंधन अधिक न्यावे लागते, आणि त्या इंधनाचे वजन वाहण्यासाठी आणखी इंधन जळते. त्यामुळे कधी प्रवासी किंवा माल कमी घ्यावा लागतो, तर कधी वाटेत उतरून टाकी भरावी लागते. तेव्हा लांबचे तिकीट काढणाऱ्याने किलोमीटरच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा प्रवासाची दिशा, मोसम आणि विमान कोणत्या देशाच्या कंपनीचे आहे, हे आधी पाहावे.