बॉब क्विन : रणांगण आणि क्रीडांगण

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूस १८ गडी असतात. चेंडू हातांनी झेलताही येतो, आणि धक्काबुक्की ओघानेच येते. अशा खेळात दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मॅगरी पदक कौशल्याइतकेच खिलाडूवृत्तीसाठी दिले जाते. कौल देतात खुद्द पंच! पोर्ट अॅडलेडच्या बॉब क्विन यांनी ते १९३८ मध्ये मिळविले. मग युद्ध आले. १९४१ साली टोब्रुकच्या वेढ्यात ऑस्ट्रेलियन फौजेबरोबर भारताची अठरावी कॅव्हलरीही झुंजत होती. तेथील शौर्याबद्दल क्विन यांना मिलिटरी मेडल लाभले. पुढे न्यू गिनीत ते जखमी झाले. असा माणूस मैदानाकडे परततो तो बहुधा प्रेक्षक म्हणूनच. क्विन मात्र खेळावयास उतरले, आणि १९४५ मध्ये पंचांनी पुन्हा त्यांनाच कौल दिला.