गिऱ्हाइकाचा शब्द आणि व्यापाऱ्याची जबाबदारी

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी 1910 साली उभी राहिली, ती अशा अविश्वासाशी झगडूनच. अशा वेळी कारखानदाराच्या दहा शब्दांपेक्षा नांगर वापरणाऱ्या एका शेतकऱ्याचा शब्द वजनदार ठरतो. प्रशस्तिपत्राचे सारे सामर्थ्य यातच आहे. आणि धोकाही यातच आहे.

साताऱ्याचा कंदी पेढेवाला घ्या, की सांगलीचा हळद विकणारा घ्या. गिऱ्हाइकाचा अभिप्राय छापावा असे दोघांनाही वाटते. तो अवश्य छापावा. मात्र कायद्याने त्यास काही मर्यादा घातल्या आहेत. त्या समजून घेणे अवघड नाही.

पहिली मर्यादा सत्याची. ग्राहक संरक्षण कायदा 2019 सालचा, आणि फसव्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे 2022 सालची. त्यांनुसार अभिप्राय खरा, अलीकडचा आणि वस्तूच्या प्रत्यक्ष अनुभवावर वा पुरेशा माहितीवर आधारलेला हवा. पुतण्याकडून गिऱ्हाईक म्हणून लिहवून घेतलेले पत्र यात बसत नाही. अभिप्राय देणाऱ्यास माल फुकट दिला असेल, किंवा तो नात्यातला असेल, तर ते उघड सांगावे. फसव्या जाहिरातीस प्रथम दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

काटछाटीचेही तेच. ‘पेढा रुचकर, पण दुसऱ्या दिवशीच आंबला’ या पत्रातील पहिले दोनच शब्द छापले, तर प्रत्येक शब्द खरा असूनही जाहिरात खोटी ठरते. लांब पत्र आटोपशीर करावे, परंतु त्याचा अर्थ बदलू नये.

दुसरी मर्यादा संमतीची. एखाद्याचे नाव वा छायाचित्र त्याला न विचारता जाहिरातीत वापरणे हा त्याच्या खाजगीपणावरील घाला होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली राजगोपाल खटल्यात म्हटले आहे. गिऱ्हाइकाने दुकानदारास खुशीने पत्र पाठविले, म्हणजे ते भिंतीवर लावण्यास परवानगी दिली असे नव्हे. म्हणून नाव, गाव, मजकूर, छायाचित्र आणि ते कोठे छापणार, एवढे एका कागदावर लिहून तारखेसह सही घ्यावी. मूळ पत्रासह तो कागद जपून ठेवावा. उद्या त्याने ‘माझे नाव काढा’ म्हटले, तर ते काढावे.

तिसरी मर्यादा आम्हांस सर्वांत गंभीर वाटते. सांगलीच्या हळदीस 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो मान हळदीच्या मूळ स्थानाचा आणि तिच्या गुणाचा आहे. रोग बरा करण्याची ती ग्वाही नव्हे. ‘या हळदीने माझा मधुमेह गेला’ असे पत्र एखादा भाबडा माणूस मनापासून लिहील. तरीही ते छापू नये. खाद्यपदार्थ रोग बरा करतो असा दावा अन्नसुरक्षेच्या 2018 सालच्या नियमांस मान्य नाही. आणि औषध म्हणून विकल्यास 1954 सालचा जादुई उपायांविरुद्धचा कायदा आड येतो. मजकूर गिऱ्हाइकाचा असला, तरी जाहिरात व्यापाऱ्याचीच असते. ते पत्र वाचून कोणी आपले औषध सोडले, तर त्याची भरपाई कोणता दंड करणार?

लहान व्यापाऱ्याचे खरे भांडवल गावातील पत हेच असते. गिऱ्हाइकाचा शब्द ही त्याच्याकडे ठेवलेली ठेव आहे. ती जशी मिळाली तशीच लोकांपुढे ठेवावी, म्हणजे कायदाही सांभाळला जातो आणि पतही.