विश्लेषण : कोंबडी खुडूक बसली की काय करावे? नागपूरच्या उन्हाळ्यात अंडी उबवायला ठेवणे जोखमीचे का?

नागपूर शहराच्या कडेच्या वस्त्यांत आणि आसपासच्या गावांत अनेक घरांच्या परसात पाच-दहा कोंबड्या असतात. त्यातली एखादी अचानक अंडी देणे थांबवते, खुराड्यातून हलत नाही, हात घातला की पिसे फुलवून चोच मारते. ही कोंबडी आजारी नसते, ती खुडूक झालेली असते. तिला अंड्यांवर बसवायचे की खुडूक मोडायची, हा निर्णय लवकर घेतला नाही तर अंडीही जातात आणि पिल्लेही मिळत नाहीत.

खुडूक होणे म्हणजे नेमके काय?

काही भागांत यालाच ‘रवण’ म्हणतात. घरट्यात अंडी साठली, दिवस मोठा झाला, उबदार आणि अंधारी जागा मिळाली की कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते. त्यामुळे अंडाशयाचे काम थांबते. पोटाखालची पिसे गळतात आणि उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना मिळते. कोंबडी दिवसातून एखाद्या वेळीच दाणापाण्यासाठी उठते. तिची विष्ठा मोठी व दुर्गंधीयुक्त असते. बरेच जण याला रोग समजतात, पण विष्ठा बराच वेळ रोखून धरल्याचा हा परिणाम असतो.

सगळ्याच कोंबड्या खुडूक होतात का?

नाही. गावठी आणि असील कोंबड्यांत हा गुण ठळक असतो. व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातींतून तो निवड पद्धतीने जवळपास घालवला गेला. वनराजा, गिरीराजा या सुधारित कोंबड्याही क्वचितच बसतात. कडकनाथ कोंबडी अंड्यांवर टिकून बसत नाही, म्हणून तिची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवण्याची पद्धत आहे. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. आकडा कमी असण्याचे एक मोठे कारण खुडूक हेच. उबवणीचे २१ दिवस आणि पुढे पिल्ले सांभाळण्याचे आठवडे अंडी बंदच असतात.

नागपूरच्या उन्हाचा काय संबंध?

अंड्यातील गर्भाची वाढ साधारण २० अंशांच्या वर सुरू होऊ शकते. मे महिन्यात, विशेषतः नवतपात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना टोपलीत साठवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढतो आणि मरतो. अशी अंडी नंतर कोंबडीखाली ठेवली तरी सडतात. कोंबडीलाही धोका असतो. तिला घाम येत नाही, धापा टाकूनच ती शरीर थंड करते. टिनाच्या छपराखाली पाण्याविना बसून राहिली तर उष्माघाताने दगावू शकते. म्हणून कडक उन्हाळ्यात खुडूक मोडणे शहाणपणाचे. अंडी बसवायचीच असतील तर पावसाळ्यानंतर किंवा हिवाळ्यात बसवावीत.

खुडूक मोडायची कशी?

कोंबडीला पाण्यात बुडवणे, नाकपुडीतून पीस घालणे, पाय बांधणे हे जुने उपाय क्रूर आहेत. इजा आणि संसर्ग होतो, खात्री काहीच नाही. त्याऐवजी जाळीच्या तळाच्या, हवेशीर आणि उजेडाच्या पिंजऱ्यात तिला तीन-चार दिवस ठेवावे. तळाशी तणस, कुटार काहीही घालू नये. पोटाखालून हवा खेळली की ऊब मोडते. पिंजरा सावलीत हवा आणि दाणापाणी पूर्ण हवे, उपाशी ठेवू नये. सोडल्यावर पुन्हा घरट्याकडे धावली तर आणखी दोन दिवस ठेवावे. खुडूक जितक्या लवकर ओळखली, तितकी लवकर मोडते. त्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत कोंबडी पुन्हा अंड्यावर येते. रोज अंडी उचलणे हा सर्वात सोपा प्रतिबंध.

बसवायचीच असेल तर?

आधी कळपात कोंबडा आहे का, हे पाहावे. नसेल तर अंडी निर्जीवच असणार, २१ दिवस वाया जातील. आठवड्याच्या आतली, न धुतलेली, स्वच्छ अंडी निवडावीत. आकारानुसार १० ते १२ पुरेत. साठवताना ती ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात, पाणी न लागता ठेवावीत. पसरट टोपलीत तणस घालून रात्री कोंबडी बसवावी. अंगावरचे परजीवी कमी व्हावेत म्हणून तिला राख-मातीत लोळू द्यावे. सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडे धरावे. लाल शिरांचे जाळे दिसले तर गर्भ जिवंत आहे. स्वच्छ पारदर्शक दिसले तर ते अंडे काढून टाकावे, नाही तर ते फुटून बाकीची अंडी खराब करते.

वनराजासारख्या संकरित कोंबडीची अंडी बसवण्यात मात्र फायदा कमी. पुढच्या पिढीत आई-बापाइतके उत्पादन टिकत नाही. अशी पिल्ले शासकीय अंडी उबवणी केंद्रातून किंवा खात्रीच्या हॅचरीतून घेऊन रात्री खुडूक कोंबडीच्या पंखाखाली सोडता येतात. बहुतेकदा ती त्यांना स्वीकारते, तरी पहिले दोन दिवस लक्ष ठेवावे.

डॉक्टर कधी गाठावा?

खुडूक कोंबडी डिवचल्यावर फणकारते. ती मान टाकून निपचित बसली, तुरा काळवंडला, विष्ठा हिरवी-पांढरी पातळ झाली किंवा एकापेक्षा जास्त कोंबड्या मरू लागल्या, तर ते खुडूक नव्हे. अशा वेळी आजारी पक्षी वेगळे ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला तातडीने कळवावे. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर फेकू नयेत.