परवाना ‘.३२’चाच का? कॅलिबरच्या निवडीमागचा कायदा आणि वास्तव

चेन्नई : स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल बाळगण्याची परवानगी मिळालेल्या नागरिकापुढे भारतात पहिला प्रश्न ‘कोणते कॅलिबर अधिक प्रभावी’ हा नसून ‘कायदा कोणते घेऊ देतो’ हा असतो. अमेरिकेत या विषयावर अखंड वाद चालतो. चेन्नईतील परवानाधारकाची निवड मात्र बहुतेक वेळा .३२ या आकड्यापाशी येऊन थांबते.

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांनी बंदुकांची विभागणी ‘प्रतिबंधित’ आणि ‘अप्रतिबंधित’ बोअर अशी केली आहे. बोअर म्हणजे नळीचा अंतर्व्यास. .३८० व .४५५ ची कडा असलेली काडतुसे किंवा सैन्याच्या वापरातील ९ मिलिमीटर काडतूस ज्यातून झाडता येते, असे हातातील शस्त्र प्रतिबंधित वर्गात मोडते. त्याचा परवाना केंद्र सरकारच्या अखत्यारीत असून गंभीर धोका सिद्ध झाल्याखेरीज तो मिळत नाही. .२२, .२५ आणि .३२ या बोअरचा परवाना स्थानिक प्राधिकारी देतो. चेन्नई शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे.

या विभागणीचे मूळ गोळीच्या संहारक्षमतेत नाही. सैन्य व पोलीस वापरतात ती काडतुसे नागरिकांच्या बंदुकीत बसू नयेत, म्हणजे शस्त्रागारातून चोरलेला दारूगोळा बाहेर निरुपयोगी ठरेल, असा हिशेब ब्रिटिश राजवटीने मांडला होता. .३०३ रायफल सामान्यांना बंद होऊन त्यांच्यासाठी .३१५ ची रायफल आली, त्यामागेही हेच कारण होते. स्वतंत्र भारताने ही चौकट जवळपास तशीच ठेवली.

.३२ हा आकडा दिसतो तितका सरळ नाही. या एकाच नावाने दोन वेगळी काडतुसे ओळखली जातात. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब असून त्याच्या बुडाशी बाहेर आलेली ठळक कडा असते. पिस्तुलाचे आखूड असून त्याची कडा जेमतेम जाणवते. एकाचे दुसऱ्यात वापरायचे नसते. त्यामुळे खरेदीच्या वेळी केवळ ‘.३२’ एवढे सांगून भागत नाही. शस्त्र रिव्हॉल्व्हर आहे की पिस्तूल, हेही पाहावे लागते. जुन्या रिव्हॉल्व्हर काडतुसांच्या बुडावर अनेकदा ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरे आढळतात. ती पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याची खूण आहे.

शक्तीच्या बाबतीत .३२ दुबळेच म्हणावे लागेल. ९ मिलिमीटर गोळीची नळीच्या तोंडाशी असलेली ऊर्जा तिच्या अडीच ते तीन पट भरते. तरीही मोठी गोळी म्हणजे हमखास बचाव, हे समीकरण टिकत नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर त्या संस्थेने अधिक ताकदीच्या १० मिलिमीटर आणि पुढे .४० कॅलिबरचा मार्ग धरला आणि काही वर्षांपूर्वी ती पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळली. सुधारलेल्या गोळ्यांमुळे परिणामातील फरक नगण्य उरला होता आणि कमी धक्क्याच्या शस्त्राने नेम अधिक अचूक लागत होता. प्रशिक्षित अधिकाऱ्यांची ही गत असेल, तर वर्षातून एखाद्या वेळी चाप ओढणाऱ्या परवानाधारकासाठी हलका धक्का हा .३२ चा गुणच ठरतो.

देशी पर्यायही याच बोअरभोवती फिरतात. कानपूरमध्ये तयार झालेले ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून बाजारात आले. किंमत मात्र लाखाच्या वर होती, त्यामुळे ते नेमक्या कोणत्या महिलांसाठी, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ आले. त्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम असून मारा ५० मीटरपर्यंत असल्याचे उत्पादकाने सांगितले. स्वसंरक्षणाचे प्रसंग बहुधा काही पावलांच्या अंतरावर घडतात, हे लक्षात घेता या आकड्याला जाहिरातीपलीकडे फारसे महत्त्व नाही.

चेन्नईत कॅलिबरइतकीच काळजी हवेची घ्यावी लागते. समुद्राची खारी, दमट हवा आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मान्सून यांमुळे पोलाद गंजते. चामड्याच्या म्यानात घाम व ओल धरून राहते. काडतुसे वर्षानुवर्षे खणात पडून राहिली, तर त्यांचा भरवसा देता येत नाही. याचे उदाहरण याच शहरात आहे. १२ जानेवारी १९६७ रोजी रामावरम येथील निवासस्थानी अभिनेते एम. आर. राधा यांनी एम. जी. रामचंद्रन यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. गोळी मानेत रुतली, आवाज कायमचा बिघडला. परंतु रामचंद्रन वाचले आणि पुढे मुख्यमंत्री झाले. काडतुसे जुनी, खणात लोळत पडलेली असल्याने त्यांचा जोर ओसरला होता, असे या घटनेच्या वर्णनांत सांगितले जाते. हल्ला झालेल्याचे दैव बलवत्तर ठरले. पण तीच काडतुसे बचावासाठी जवळ बाळगणाऱ्याच्या हाती असती तर?

परवाना मिळाल्यानंतरही बंधने सुटत नाहीत. अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र म्यानात ठेवावे लागते. ते परजणे हा नियमभंग आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे कमाल दोनच बंदुका राहू शकतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. आनंदोत्सवात निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

गोळी झाडली गेल्यावर प्रश्न कॅलिबरचा राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिला आहे. मात्र बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही आणि पोलिसांचे साहाय्य घेण्यास वेळ असेल, तर हा हक्क उरत नाही. गोळी .२२ ची होती की .३२ ची, यावर ही कसोटी बदलत नाही.